हबकॅपवाली कॅमॅरो झेडएल-१: इंजिन बदललं म्हणून गाडी खोटी?

चाकावरचा संसार (पिओरिया, इलिनॉय)

१९६९ ची शेव्हरोले कॅमॅरो झेडएल-१ रस्त्याकडेला उभी असली तर माहीतगार सोडून कुणी तिच्याकडे दुसऱ्यांदा बघणार नाही. अंगावर पट्टे नाहीत, फेंडरवर इंजिनाचा आकडा नाही, एसएसचा (सुपर स्पोर्टचा) बिल्ला नाही. साधी पोलादी चाकं आणि मधोमध छोटे हबकॅप. बॉनेटचा मधला उंचवटा तेवढा वेगळा, त्याचं तोंड पुढे नसून मागे काचेकडे. धावत्या गाडीत काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब वाढतो, तिथली थंड हवा कार्ब्युरेटरला मिळावी म्हणून ही सोय. पण हे बॉनेट त्या वर्षी दुसऱ्या कॅमॅरोवरही मिळायचं, म्हणजे तीही खात्रीची खूण नाही. (या बॉनेटचा कोड झेडएल-२. इंजिन एक, बॉनेट दोन!)

बॉनेटखाली ४२७ घनइंच, म्हणजे सात लिटरचं व्ही-८, आणि तेही ब्लॉकसकट (ब्लॉक म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य ओतीव भाग) ॲल्युमिनियमचं. अशा गाड्या बनल्या एकूण ६९.

ही जन्माला कशी आली ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचा वाद त्यावरच आहे. जनरल मोटर्सने १९६३ मध्ये शर्यतींतून अधिकृतपणे अंग काढून घेतलं होतं. वर घरचा नियम असा की कॉर्वेट आणि थोरल्या गाड्या सोडल्या तर ४०० घनइंचांवरचं इंजिन कशातही बसवायचं नाही. आता शेव्हरोलेत व्हिन्स पिगिन्स नावाचे गृहस्थ होते, त्यांचं कामच गाड्यांचं नाव शर्यतींतून गाजवण्याचं. त्यांनी पळवाट काढली ती सेंट्रल ऑफिस प्रॉडक्शन ऑर्डरची, जिला सगळे 'कोपो' म्हणतात. हा रस्ता खरं तर पोलिसांच्या गाड्या, टॅक्स्या, कंपन्यांचे ताफे यांच्या खास मागण्यांसाठी होता. कुणाला वेगळा रंग हवा, कुणाला जास्त टिकाऊ सीट हवी. त्याच कागदावर ९५६० या क्रमांकाने सात लिटरचं रेसिंग इंजिन कॅमॅरोत शिरलं. टॅक्सीच्या दाराने आत आलेली गाडी आहे ही!

हे इंजिन मुळात कॅन-ॲमच्या, म्हणजे कॅनडा-अमेरिकेतल्या मालिकेच्या, शर्यतींसाठी विकसित झालं होतं. चॅपराल आणि मॅकलॅरन या संघांच्या गाड्यांत याच घराण्यातली ॲल्युमिनियमची व्ही-८ असत. ते कॅमॅरोत हवं म्हणून गळ घातली फ्रेड गिब नावाच्या डीलरने. त्याचं दुकान ला हार्पला, आमच्या पिओरियाहून साधारण दीड तासावर. मी गावात जाऊन आलोय. चहूकडे मका आणि सोयाबीन, वस्ती दीड हजाराच्या आत. ड्रॅग रेसिंगच्या (सरळ रेषेत पाव मैल पळायची शर्यत) सुपर स्टॉक गटात गाडी उतरवायची तर एनएचआरए या शर्यतींच्या संघटनेचा नियम होता की तशा किमान ५० गाड्या बनलेल्या हव्यात. या पठ्ठ्याने ५० च्या ५० आपल्या नावावर मागवल्या.

पहिल्या दोन ३१ डिसेंबर १९६८ ला पोचल्या. थंडी अशी कडाक्याची की ट्रकवरून उतरवताना इंजिनं सुरूच होईनात. त्याहून मोठा गारठा किमतीचा. साधी व्ही-८ कॅमॅरो पावणेतीन हजार डॉलरच्या आसपास मिळायची. इथे नुसत्या ९५६० या कलमाचे ४,१६० डॉलर लावलेले, म्हणजे गाडी गेली ७,२०० च्या वर. तेवढ्यात कॉर्वेट घेऊन वर बरेच पैसे उरले असते. शेतकऱ्यांच्या गावात हे कोण घेणार? गिबने १३ ठेवल्या आणि ३७ शेव्हरोलेला परत केल्या. कंपनीने त्या इतर डीलरांकडे वाटल्या. उरलेल्या १९ इतरांनी स्वतंत्रपणे मागवलेल्या. काही गाड्या वर्ष-दोन वर्षं दुकानातच पडून होत्या. काहींचं महागडं इंजिन काढून त्यांत स्वस्तातलं बसवलं, तेव्हा कुठे त्या खपल्या.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या राज्यात रोझमाँटला, शिकागोच्या विमानतळाजवळ, दर नोव्हेंबरात मसल कार अँड कॉर्वेट नॅशनल्स हे प्रदर्शन भरतं. तिथे एक गर्द हिरवी झेडएल-१ बघितली, नट-बोल्टापासून रिस्टोअर केलेली. काय काम होतं! फायरवॉलवर (इंजिन आणि केबिन यांमधला पत्रा) कारखान्यातल्या तपासनिसाने खडूने ओढलेल्या खुणासुद्धा पुन्हा काढलेल्या. खालच्या पत्र्यावर रंगाचा फवारा जिथे अर्धवट उडायचा तिथे तो तसाच अर्धवट उडवलेला. रेडिएटरपासून अल्टरनेटरपर्यंत सगळ्यांवरचे तारखेचे कोड गाडीच्या बांधणीच्या तारखेआधीचे आणि तिला जवळचे. मालकाने पाटीवर प्रामाणिकपणे लिहिलं होतं की ब्लॉक मूळचा नाही, त्या काळी वॉरंटीत बदलून मिळालेला झेडएल-१ चाच ब्लॉक आहे.

माझ्या शेजारी दोघे उभे होते. पाटी वाचल्याबरोबर एक म्हणाला, "मग काय राहिलं यात?" आणि पुढे निघून गेले.

माझं म्हणणं: 'मूळ इंजिन हवंच' हा हट्ट बाकी कुठल्याही गाडीला लावा, या गाडीला लावू नका. ही बांधलीच गेली ती इंजिनाची हाडं मोडेपर्यंत ४०२ मीटर पळवायला. घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ती थेट ड्रॅग स्ट्रिपवर नेली. ब्लॉक फुटले, बदलले, पुन्हा फुटले. ज्या झेडएल-१ मध्ये आजही जन्माचा ब्लॉक आहे, ती बहुधा तिच्या कामावर फार गेलीच नाही. मग जास्त खरी कुठली? बोला.

तिरपागडा

लेख छान, निष्कर्ष अमान्य. भावना बाजूला ठेवून एक सांगा. १९६९ च्या कॅमॅरोचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, काय सांगतो? १२४३७ म्हणजे व्ही-८ कूपे, पुढे ९ म्हणजे ६९ साल, एन म्हणजे नॉरवूड कारखाना, मग अनुक्रमांक. कुठलं व्ही-८? त्याबद्दल चकार शब्द नाही. फायरवॉलवरच्या ट्रिम टॅगवर रंग आणि आतल्या कापडाचा कोड मिळतो, इंजिन तिथेही नाही. मग २.७ हजार डॉलरवाली आणि ७.२ हजारवाली यांत पत्र्याच्या पातळीवर फरक काय उरला? ब्लॉक! तोच गेला तर बाजारात कुठलीही नॉरवूडची व्ही-८ कूपे घ्या, झेडएल-१ चा ब्लॉक टाका, साधे हबकॅप लावा, झाली तुमची सत्तरावी झेडएल-१.

असे उद्योग झालेले आहेत. माझ्या माहितीतल्या एकाने 'कोपो' म्हणून घेतलेली गाडी नंतर जन्मतः साधी ३२७ घनइंचवाली निघाली. विकणाऱ्याचं नाव घेत नाही, कारण प्रकरण वकिलांकडे आहे.

चाकावरचा संसार

@तिरपागडा, मुद्दा रास्त आहे, पण उत्तरही आहे. फक्त ६९ गाड्या असल्यामुळे अनुक्रमांकांच्या यादीवर या क्षेत्रातल्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षं काम केलंय. त्यामुळे सत्तरावी उगवली की आधी तिच्या नंबरावर बोट जातं. त्याशिवाय डीलरचं बिल, कारखान्यातून गाडी निघतानाचे कागद, आणि वॉरंटीच्या पुस्तिकेत चिकटवलेली प्रोटेक्ट-ओ-प्लेट ही धातूची पट्टी. तिच्यावर इंजिनाचे आणि मागच्या ॲक्सलचे कोड उठवलेले असतात. हे सगळं एका माळेत बसलं तर ब्लॉक बदललेला असूनही गाडी सिद्ध होते.

उलट नुसत्या ब्लॉकवर विसंबणं जास्त धोक्याचं. ब्लॉकच्या पुढच्या पॅडवर (सपाट कापलेल्या जागेवर) शिक्का असतो: 'टी' म्हणजे टोनावांडा कारखाना, मग तारीख, मग कोड. शेजारी किंवा तेलाच्या फिल्टरजवळ व्हीआयएनचा तुकडा. हे खोटं ठोकणं अवघड नाही. पॅड घासून गुळगुळीत करायचा आणि नवे पंच मारायचे, एवढंच. म्हणून जाणकार भिंग घेऊन आकड्यांच्या आधी त्यांच्या खालच्या रेघा बघतात. कारखान्यात पॅड ब्रोच या दातेरी हत्याराने कापला जायचा, त्याच्या बारीक समांतर रेघा उरतात. रेघा गायब असतील, किंवा आकडे रेघांच्या आधीचे वाटत असतील, तर पाय मागे घ्यावा.

कोल्हापुरी फौंड्री

गाड्यांतलं मला कळत नाही, पण ॲल्युमिनियम ओतण्यात उभी हयात गेली (शिरोली एमआयडीसी), म्हणून ब्लॉक 'फुटले, बदलले' यावर थोडं लिहितो.

तुमचा तो ब्लॉक ३५६-टी६ जातीचा असणार, त्या काळी अशा कामाला हाच मिश्रधातू वापरत. यात साधारण सात टक्के सिलिकॉन असतं, त्याने रस पातळ राहून साच्याच्या कानाकोपऱ्यांत जातो, आणि थोडं मॅग्नेशियम. टी६ म्हणजे ओतीव आधी जास्त तापमानावर ठेवायचं, झटकन थंड करायचं, मग कमी उष्णतेवर काही तास पिकवायचं. बळ येतं ते या पिकवण्यातून. सिलिंडरच्या भिंतींना मात्र हे चालत नाही, पिस्टन रिंगा खाऊन टाकतील, म्हणून आत ओतीव लोखंडाचे स्लीव्ह बसवतात.

आता गोम अशी आहे. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. प्रत्येक वेळी इंजिन गरम-गार झालं की स्लीव्ह आणि ब्लॉक यांची ओढाताण होते. सात लिटरचं इंजिन पूर्ण ताकदीने पळवायचं, लगेच गार करायचं, पुन्हा पळवायचं, असं केलं तर मेन बेअरिंगच्या भिंतींना तडे जाणं अगदी अपेक्षित आहे. तडा वेल्डिंगने भरता येतो, पण वेल्डच्या आजूबाजूचा टी६ मरतो, धातू तिथे मऊ पडतो. पुन्हा सगळा ब्लॉक भट्टीत घालून पिकवला तर ताकद येते, पण तो वाकडा होतो आणि सगळी मशिनिंग नव्याने करावी लागते. शर्यतवाला एवढं का करेल? नवा ब्लॉक मागवेल.

तेव्हा धागाकर्त्याशी सहमत. ते भांडं जळण्यासाठीच होतं.

शंकेखोर

एक बाळबोध प्रश्न. एवढी कटकट होती तर लोखंडाचाच ब्लॉक का नाही ठेवला? आणि सरळ रेषेत पाव मैल पळण्यात एवढं काय कौतुक, वळण आलं की काय करायचे हे लोक?

चाकावरचा संसार

@शंकेखोर, लोखंडाचा होताच की! कोपो ९५६१ या क्रमांकाने ४२७ चं लोखंडी इंजिन त्याच वर्षी कॅमॅरोत मिळत होतं. त्या गाड्या झेडएल-१ च्या कितीतरी पट बनल्या, आणि पेनसिल्व्हेनियातल्या डॉन येंको या डीलरने आपल्या नावाचे पट्टे मारून त्यांतल्या काही विकल्या. येंको कॅमॅरो म्हणून ज्या मिरवतात त्या ह्याच.

ॲल्युमिनियमचा फायदा वजनाचा. बिग ब्लॉक (शेव्हरोलेचं थोरलं व्ही-८) असून वजन स्मॉल ब्लॉकच्या (धाकट्या व्ही-८ च्या) आसपास आलं. गाडीचं नाक हलकं झालं की सुटताना भार मागच्या चाकांवर जातो आणि टायर कमी घसरतात. ड्रॅग रेसिंगमध्ये अर्धी लढाई तिथेच असते. वळणाचं विचाराल तर हलक्या नाकाची गाडी वळणावरही बरी, पण वळणं घ्यायला ती कुणी घेतलीच नव्हती.

@कोल्हापुरी फौंड्री, तुमचा प्रतिसाद छापून भिंतीवर लावावा असा आहे. एक भर घालतो. या इंजिनात सॉलिड लिफ्टर होते, म्हणजे व्हॉल्व्हची फट हाताने लावावी लागे. तुम्ही म्हणता त्या फुगण्यामुळे तापल्यावर ती फट वाढते, म्हणून थंड इंजिनावर ती मुद्दाम कमी ठेवतात. लोखंडी इंजिनाची सवय असलेला फिटर याच्या उलट हिशेब करून बसतो.

गॅरेजवाले आबा

मी दादरचा, वय ७८. मसल कार आमच्या नशिबी नव्हती. पण अमेरिकन गाड्या पोटभर पाहिल्या. कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ जोडल्या जायच्या. त्याच्याही आधी शिवडीला जनरल मोटर्सची जुळणी होती, १९२८ पासून. वडील त्या शेव्हरोलेंबद्दल बोलायचे.

इंजिन बदलण्यावरून एवढी चर्चा चाललीय म्हणून लिहितो. ७३ नंतर पेट्रोल महागलं तेव्हा मुंबईत इम्पाला काय, डॉज काय, सगळ्यांची इंजिनं काढून डिझेल बसवायची लाट आली होती. पर्किन्सचं इंजिन, मॅटॅडोरचं इंजिन. आमच्या गॅरेजमध्येच किती केली. माउंटिंग कापायची, प्रोपेलर शाफ्ट आखूड करायचा, बेल हाउसिंगला प्लेट बनवायची. उतरवलेलं व्ही-८ चोरबाजारात किलोवर जायचं. लग्नाच्या वरातीत फुलांनी सजलेली इम्पाला धडधडत जायची, आतून टेम्पोचा आवाज. तिला कुणी खोटी म्हटलं नाही हो. मालकाला गाडी ठेवायची होती आणि पेट्रोल परवडत नव्हतं.

आता तुमचं ऐकतोय की त्याच जातीचा, त्याच सालचा ब्लॉक टाकला तरी नाक मुरडतात. त्या दोघांना आमच्याकडे पाठवा, डिझेल इम्पाला दाखवतो.

मनवा_सिनसिनाटी

आबा, काय सुंदर लिहिलंत.

मी नॉरवूडच्या अगदी जवळ राहते, म्हणून दोन शब्द. नॉरवूड म्हणजे चहूबाजूंनी सिनसिनाटीने वेढलेलं वेगळं गाव. कॅमॅरो आणि पाँटिॲकची फायरबर्ड इथे बनायच्या. कारखाना १९८७ च्या ऑगस्टमध्ये बंद झाला. आता तिथे ऑफिसं आणि दुकानं आहेत, जागेवर उभं राहून सांगितलं तरी खरं वाटत नाही.

इथले म्हातारे कामगार भेटले की एक गोष्ट हमखास सांगतात: एवढा परफेक्ट रंग आम्ही कधी मारलाच नव्हता! त्या काळी जीएमच्या गाड्यांना ॲक्रिलिक लॅकर असायचं. लाइनवरून उतरलेल्या गाडीला कुठे संत्र्याच्या सालीसारखा पोत, दाराच्या आत पातळ थर, पत्र्यांमधल्या फटी वरखाली. आज रिस्टोअर केलेल्या गाड्यांना बेसकोट आणि वर क्लिअरकोट मारून आरसा करतात. मग मूळ इंजिनाचा सोवळेपणा कशाला? रंग तर मूळचा नाहीच, मूळच्यासारखाही नाही.

तिरपागडा

@मनवा, म्हणूनच वरच्या पातळीवरचे रिस्टोअरर आता लॅकरच मारतात आणि फटीसुद्धा मूळच्याइतक्या वाईट ठेवतात. न्यायाधीश गुण कापतात जास्त चांगलं केल्याबद्दल.

@आबा, आदर आहे, पण तुलना जुळत नाही. डिझेल इम्पाला कुणी काही लाख डॉलरला 'इम्पाला झेडएल-१' म्हणून विकत नव्हतं. प्रश्न फसवणुकीचा आहे. मालकाने पाटी लावली, तो सज्जन. पुढच्या मालकाने पाटी काढली तर?

कोल्हापुरी फौंड्री

तिरपागडा, पाटी निघेल पण ओतीव कामावरचा नंबर निघेल का? ब्लॉकवर साच्यातूनच आलेला नंबर असतो ना?

चाकावरचा संसार

असतो. झेडएल-१ च्या ब्लॉकचा कास्टिंग नंबर ३९४६०५२. शेजारी ओतल्याची तारीखही असते. वॉरंटीत बदललेल्या ब्लॉकवर पॅडवर 'सीई' असा शिक्का मारत, त्यामुळे तो लपत नाही. आणि ओतल्याची तारीख गाडीच्या बांधणीनंतरची निघाली की पाटी असो नसो, प्रश्न मिटला. रोझमाँटच्या गाडीवर 'सीई' दिसत होता, मालकाने आरसा धरून दाखवला. घासून टाकणं सहज शक्य होतं. त्याने ठेवला.

माझा मूळ प्रश्न फसवणुकीचा नव्हताच. सगळं उघड सांगितलेली गाडी कमी खरी का मानायची, हा आहे.

आणि हे फक्त इंजिनापुरतं नाही. ज्या गाड्या शर्यतीत उतरल्या त्यांच्या मागच्या चाकांच्या कमानी रुंद टायर बसावेत म्हणून कापलेल्या, आतली सीट काढलेली, दारावर डीलरचं नि चालकाचं नाव रंगवलेलं. रिस्टोअर करताना हे सगळं पुसून गाडी डीलरच्या दारात उतरली त्या दिवशी होती तशी करतात. म्हणजे तिच्या आयुष्यातले जे थोडे दिवस ती काहीच न करता उभी होती, तेवढेच आपण जपतो. गिबकडच्या गाड्यांवर काम करणारा डिकी हॅरेल घ्या. 'मिस्टर शेव्हरोले' म्हणत त्याला. १९७१ च्या सप्टेंबरात टोरोंटोला शर्यतीतच गेला. त्याचा हात लागलेल्या गाडीवरून त्याचं रंगवलेलं नाव खरवडून खाली कोरा हिरवा रंग मारणं मला तरी गुन्हा वाटतो.

शंकेखोर

मग सगळ्याच गाड्या शर्यतीच्या रूपात ठेवायच्या का?

चाकावरचा संसार

नाही. फोटो असतील, नावं माहीत असतील, तर शर्यतीचं रूप. कुणीतरी कुठेतरी पळवली एवढंच माहीत असेल तर कारखान्याचं रूप. कल्पनेने रंगवलेलं शर्यतीचं रूप सगळ्यांत वाईट, ते तर नाटकातलं घोंगडं.

मोरपीस

धागा भारी. मला वेगळंच विचारायचंय. ४३० अश्वशक्ती असं वाचलं. आजकाल घरगुती गाड्यांनाही तेवढी असते. मग एवढा दरारा कशाचा?

तिरपागडा

कारण तो आकडा खोटा आहे, आणि मुद्दाम. डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, ही इंजिनं ५०० च्या वर जातात. कागदावर ४३० लिहिण्याची दोन कारणं. विमेवाले अश्वशक्ती बघून हप्ता वाढवायचे. आणि ड्रॅग रेसिंगचे गट वजन भागिले जाहीर अश्वशक्ती अशा हिशेबाने ठरायचे, जाहीर आकडा कमी तर गट सोयीचा. एनएचआरए काही खुळी नव्हती, ती स्वतःचे आकडे लावायची.

शिवाय तेव्हाची अश्वशक्ती 'ग्रॉस', म्हणजे इंजिन स्टँडवर, पंखा-सायलेन्सर वगैरे ओझं न लावता मोजलेली. १९७२ पासून 'नेट' आकडे आले तेव्हा सगळ्यांचे फुगे फुटले. त्याच्या आदल्या वर्षीच जीएमने शिसं नसलेल्या पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन खाली आणलं होतं. झेडएल-१ चं कॉम्प्रेशन १२ ला १. आजच्या पंपावरच्या पेट्रोलवर ते ठोके देईल, रेसिंग फ्युएल घालावं लागतं. ७३ चं तेलसंकट आलं आणि खेळ खलास. आबांच्या पर्किन्सचं आणि या गाड्यांच्या अंताचं कारण एकच, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

मोरपीस

धन्यवाद. आणि समजा कुणी पैसेवाल्या मराठी माणसाने अशी गाडी पुण्यात आणली तर पासिंग होईल?

आरटीओग्रस्त

जकात वगैरे मोठा विषय आहे, त्यात शिरत नाही. नोंदणीपुरतं सांगतो. २०२१ च्या जुलैत केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम आणले. पन्नास वर्षांपेक्षा जुनी हवी. नंबरप्लेटवर राज्याच्या कोडनंतर 'व्हीए'. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, पुढे फेरनोंदणीला ५,०००. रोज ऑफिसला नेता येणार नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणं अशाच कारणांसाठी रस्त्यावर आणायची.

आणि आता मजा ऐका. त्याच नियमांत व्याख्येतच अट आहे की चेसिस, बॉडी किंवा इंजिनात बदल करणारी मोठी दुरुस्ती झालेली नसावी. म्हणजे आबांची डिझेल इम्पाला बाद. आणि या धाग्याची गाडी आली की निरीक्षकापुढे हाच सगळा वाद पहिल्यापासून!

डावं स्टिअरिंग अडत नाही, इशारा देणारं साधन चालू हवं, बस.

गॅरेजवाले आबा

म्हणजे मूळ इंजिनाचा हट्ट धरणारे त्या रोझमाँटच्या दोघांचेच भाऊबंद सरकारात बसलेत म्हणायचे.

पण बाळांनो, तेच ॲल्युमिनियम, तोच साचा, तोच नंबर. याला 'बदल' कसा म्हणतील? रिंग-पिस्टन टाकले तर बदल का? बोअर वाढवला तर? मी निरीक्षक असतो तर पास केली असती.

तिरपागडा

आबा, तुम्ही निरीक्षक असता तर माझीही एक हरकत ऐकून घेतली असती.

@चाकावरचा संसार, तुमची अर्धी बाजू मान्य करतो. सीई ब्लॉक, त्या काळातला, कागद पूर्ण, शिक्का शाबूत, तर गाडी झेडएल-१ आहे, कमी-जास्त काही नाही. किंमत मात्र मी मूळ ब्लॉकवालीला जास्त देईन, आणि ते लांडीलबाडी नसल्याच्या खात्रीसाठी नव्हे, तर तशा फार थोड्या उरल्या म्हणून. यावर मी हलणार नाही.

चाकावरचा संसार

किमतीवर माझं भांडण नाही, मला कुठे घ्यायचीय! नोव्हेंबरात कुणी रोझमाँटला येणार असेल तर कळवा. एक सुचवतो: गाडीपुढे गेलात की सगळे इंजिनावर वाकतात, तुम्ही मालकाला विचारून हीटरच्या डब्याआडचा पत्रा बघायला मिळतो का ते पाहा. तिथे व्हीआयएनचा लपवलेला ठसा असतो. तो बघायला सहसा कुणी मागत नाही, त्यामुळे खरा मालक खूश होतो आणि दुसऱ्या प्रकारचा मालक अचानक घाईत असतो.

मनवा_सिनसिनाटी

मी येतेय. आमच्या गावचे एक निवृत्त काका बरोबर आणते, नॉरवूडच्या लाइनवर होते. खडूच्या खुणा बरोबर काढल्यात का ते तेच सांगतील.